भाजीचं पाणी फेकताना

चपला आवळायला लागल्या तेव्हा मी चपलांना दोष दिला. माझं कामच चालण्याचं. मी भूकरमापक, म्हणजे लोकांच्या भाषेत मोजणीदार. पालम तालुक्यातली शेतं मोजण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. दिवसभर ढेकळांतून हिंडलेल्या माणसाचे पाय संध्याकाळी सुजणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग सूज सकाळीही राहू लागली. जिना चढताना दम लागू लागला, जेवणावरची वासना उडाली, अंगाला खाज सुटली. माझी पत्नी सुनंदा म्हणाली, दवाखान्यात चला. मी म्हणालो, हातातल्या मोजण्या संपल्या की जाऊ. मोजण्या कधी संपत नसतात हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती शिक्षिका आहे. शेवटी तिनंच शाळेतून रजा काढली आणि मला नांदेडच्या बसमध्ये बसवलं.

डॉक्टर तरुण होते, शांत. रिपोर्ट वाचताना त्यांनी दोनच प्रश्न विचारले. बीपीची गोळी रोज घेता का, आणि गुडघ्यांसाठी काय घेता. बीपीची गोळी आठवेल तेव्हा घेतो, असं मी खरं ते सांगितलं. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, सात-आठ वर्षं, चालणं जास्त झालं की दिवसाला दोन. त्यांनी ते लिहून घेतलं आणि रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"दोन्ही किडन्या मिळून आता एका किडनीच्या निम्मंही काम करत नाहीत," ते म्हणाले. "गेलं ते परत येणार नाही. राहिलंय ते टिकवायचं."

किती दिवस टिकेल, मी विचारलं. मोजणीदाराला आकडा लागतो.

"निम्मं माझ्या गोळ्यांवर आहे, निम्मं तुमच्या ताटावर."

आणि नाहीच टिकलं तर डायलिसिस, आठवड्यातून तीन वेळा, जन्मभर. पालमहून नांदेडला जाऊन मशीनवर बसून परत यायचं तर एकेक अख्खा दिवस जाणार. म्हणजे माझी नोकरी गेली, आणि मला न्यायला-आणायला लागणार म्हणून सुनंदाचीही. त्या दिवशी मला लगेच भरती करून घेतलं. पलंगावर पडल्या पडल्या मी हाच हिशोब करत होतो.

किडनीविषयी सांगायला हे लिहीत नाही. ते तुमचे डॉक्टर सांगतील. मला ताटाविषयी सांगायचंय, कारण ताटाविषयी आम्हाला कोणी नीट सांगितलं नव्हतं आणि आम्हीही एकमेकांना नीट सांगितलं नाही.

आठ दिवस

सव्वीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या, आता सिस्टर माझी लघवी मोजत होत्या. सकाळी सहाला वजन, मग रक्त, मग एका खुणेच्या भांड्यात दिवसभराचं पिण्याचं पाणी भरून ठेवायचं. तेवढंच प्यायचं. तहान काय असते ते मला उन्हातान्हात हिंडून ठाऊक होतं असं वाटायचं, पण उन्हातल्या माणसाला विहीर तरी दिसत असते. एका सिस्टरनं तिसऱ्या दिवशी वाटीत बर्फाचा खडा आणून दिला आणि म्हणाली, चघळत बसा, पाणी कमी लागेल. त्या बाईचं नावही मी विचारलं नाही. आता वाईट वाटतं.

भीती दुपारी यायची. भेटायला आलेली माणसं गेली की वॉर्ड गप्प व्हायचा आणि पलीकडच्या डायलिसिसच्या खोलीतून मशीनची पिपाणी ऐकू यायची. दार उघडलं की आतली माणसं दिसत. कोणी मोबाईल बघत पडलेलं, कोणी झोपलेलं. फार भयंकर असं काही नव्हतं. मला ते सवयीचं झालेलं पडून राहणंच बघवत नव्हतं. सुनंदा पलंगाखाली चटई टाकून वह्या तपासायची. तिनं मला एकदाही "मी म्हटलं नव्हतं का" असं ऐकवलं नाही. तिच्या स्वभावाला ते किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे.

कागद

सुट्टी झाली त्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद दिला. डाव्या बाजूला खायचं, उजव्या बाजूला टाळायचं. उजव्या बाजूला माझ्या आईचा अख्खा स्वयंपाक लिहिलेला होता. शेंगदाण्याची चटणी, घट्ट वरण, टोमॅटो, बटाटा, चुका, पालेभाज्या, ठेचा, लोणचं, पापड, खारवड्या. फळांत केळं नाही, संत्रं नाही, शहाळं तर मुळीच नाही. जे सकस म्हणून आजवर ऐकलं आणि खाल्लं ते सगळं माझ्या किडन्यांना ओझं होतं. डाव्या बाजूला दुधी, दोडका, ढेमसे, पडवळ, कोबी, थोडा भात आणि ज्वारीच्या दोन पातळ भाकरी. भाकरी बंद केली नव्हती. तेवढं वाचून मला त्या बाईंसमोरच रडू आलं. त्यांना वाटलं मी उजवी बाजू वाचून रडतोय.

खाली भाजी करायची रीत होती. साल काढा, बारीक चिरा, कोमट पाण्यात भिजत घाला, मग भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी काढून टाका, आणि मग फोडणीला घाला. तुमचा कागद वेगळा असेल. तो तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, माझ्या कागदावर जाऊ नका.

आमच्या घरी स्वयंपाक माझी आई करते. तिला मी माय म्हणतो. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, वाचता येत नाही, पण एकदा ऐकलेलं विसरत नाही. सुनंदानं तिला कागद तीनदा वाचून दाखवला. चौथ्यांदा मायनंच तो तिला म्हणून दाखवला. मी शेजारी बसून ऐकत होतो. काय करायचं ते सगळं तिला पाठ झालं होतं. कशासाठी करायचं, हे आमच्यापैकी कोणीच तिला सांगितलं नाही. म्हातारीला काय कळणार पोटॅशियम, असं मला वाटलं असणार. वाटलं होतंच.

शहाळी

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला कोणी मोकळ्या हातानं येत नाही. पहिल्या आठवड्यात घरात अकरा शहाळी जमली, डाळिंबं वेगळी. विहारातून पौर्णिमेच्या खिरीचा डबा आला. भावकीतल्या एका काकांनी मूठभर बदाम आणले आणि माझ्यासमोर बसून, खा, मी बघतो, असा हट्ट धरला. कोणाकोणाला कागद वाचून दाखवायचा? माय सगळ्यांचं हसून घ्यायची आणि माणूस वळला की गल्लीत वाटून टाकायची. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतली माणसं टवटवीत दिसत होती.

पण माझ्या ताटाचं काय? इथे मला पहिल्यांदा कळलं की चहूकडे शेती असलेल्या गावात भाजी मिळत नाही. मी या तालुक्याचे गट नंबर पाठ म्हणू शकतो. पूर्वी बांधावर दोडक्याचा एखादा वेल असायचाच, विहिरीवर पडवळाचा मांडव असायचा. आता बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन, नाहीतर कापूस. मायला फोडणीला करडईचं तेल हवं होतं, ते गंगाखेडच्या एका घाण्यावर सापडलं, पण भाजी? आठवडी बाजारात दोडके येतात ते ट्रकमधून, कुठल्या कुठल्या मोठ्या मार्केटातून, मनगटाएवढे जाड, आत बिया टणक. असल्या दोडक्याला उकळून पाणी काढलं की खाली फडकं उरतं. मीठ नाही, मसाला नाही, दाण्याचं कूट नाही. मग चवीला उरतो तो फक्त भाजीचा ताजेपणा. तो नसेल तर तोंडात घास फिरत राहतो, गिळवत नाही. पहिल्या महिन्यात माझं वजन चार किलोनं उतरलं आणि डॉक्टरांनी त्याबद्दलही मला बोलून घेतलं.

ताजी भाजी कोणाकडे आहे हे मला माहीत होतं. तिथे जायची हिंमत नव्हती.

गंगाकाठच्या रुक्मिणबाई

गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. गंगाकाठी रुक्मिणबाईंचं तीस गुंठ्यांचं रान आहे. नवरा गेल्यापासून एकट्या करतात. दोडका, ढेमसे, पडवळ, सगळं मांडवावर, थोडं थोडं. आठ-नऊ वर्षांपूर्वी शेजाऱ्यानं मोजणी मागितली होती आणि ती करायला मी गेलो होतो. मोजणीत हद्दीचा दगड रुक्मिणबाईंच्या रानात दोन पावलं आत निघाला. मी नियमानं मोजलं होतं, पण ज्याच्या रानात दगड सरकतो त्याला नियम सांगून उपयोग नसतो. त्यांनी भर बांधावर माझ्या मशीनचा आणि माझा उद्धार केला. तेव्हापासून बाजारात त्या बसतात त्या टोकाला मी वळत नव्हतो.

त्या दिवशी वळलो. त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं.

"मोजणीदार साहेब, आज काय मोजायला आलाव?"

मी म्हणालो, मोजायला नाही, दोडके घ्यायला. आणि उभ्या उभ्या आजार सांगितला. का कोण जाणे, सुनंदाच्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं तेवढं त्या बाईला सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. एकेक दोडका नखानं दाबून कोवळा तेवढा निवडला आणि तराजू माझ्या तोंडासमोर धरला, काटा दाखवायला.

"बघून घ्या. माझं माप दोन पावलं इकडं तिकडं व्हत न्हाई."

मी मान खाली घालून पिशवी पुढे केली. पण पुढच्या बाजारापासून माझ्यासाठी कोवळी भाजी त्या टोपलीच्या तळाशी बाजूला ठेवू लागल्या. नंतर मायच बाजाराला जाऊ लागली आणि दोघींचं चांगलं जमलं. ती अर्धा-अर्धा तास तिथे बसून यायची. ताज्या ढेमशाची लसूण-जिऱ्याच्या फोडणीची भाजी मी पहिल्यांदा दोन्ही भाकऱ्यांशी संपवली तेव्हा माय रिकाम्या ताटाकडे बघत राहिली. माझी सूज उतरली. मी कचेरीत टेबलाच्या कामावर रुजू झालो. एवढं जमलं म्हणजे आता सगळं जमेल, असं मला वाटलं.

उलटा रिपोर्ट

दोन महिन्यांनी तपासणीला गेलो तर रक्तातलं पोटॅशियम, आजारी किडनीला बाहेर टाकता न येणारा आणि हृदयाला धोक्याचा क्षार, वाढलेलं. थोडंथोडकं नाही. डॉक्टरांनी ताबडतोब औषध दिलं, अर्धा दिवस बसवून ठेवलं, हृदयाची पट्टी काढली. मग विचारलं, बाहेर काय खाता? मी म्हणालो, काही नाही. त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसला नसावा. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त बघू, म्हणाले, आणि नाही उतरलं तर हाताच्या शिरेचं ऑपरेशन करून ठेवू, म्हणजे डायलिसिसची तयारी.

परतीच्या बसमध्ये सुनंदा खिडकीतून बाहेर बघत होती. घरी आल्यावर तिनं दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमी मला खरं सांगा. मी रागावणार न्हाई."

मी म्हणालो की एकदा, फक्त एकदा, गंगाखेडच्या स्टँडवर चार भजी खाल्ली होती. ते खरं होतं. पण ते सांगायला नको होतं, कारण त्यानंतर तिला वाटलं, चार सांगतायत म्हणजे चाळीस असतील. तिनं कचेरीतल्या माझ्या सहकाऱ्याला फोन केला. माझ्या पिशवीचे कप्पे तपासले. मोजणीच्या दिवशी शेतकऱ्यांच्या घरचं मी कसं हात मारून जेवायचो ते तिला माहीत होतं, त्यामुळे तिचाही दोष नाही. मी पाच दिवस तिच्याशी बोललो नाही. खरं वागूनही खोटा ठरलो की माणूस किती दुष्ट होतो ते मी त्या पाच दिवसांत बघितलं. मनात यायचं, मग खातोच आता, काय फरक पडतो.

मायला आमचं भांडण कळत होतं. तिनं माझ्या दोन भाकऱ्या आणखी निगुतीनं करायला सुरुवात केली.

काठवट

पुढच्या बाजाराच्या दिवशी मायचे गुडघे धरले होते म्हणून मी गेलो. रुक्मिणबाई दोडके निवडता निवडता मायचं कौतुक करत होत्या. सासूनं सुनेला असं शिकवावं, आजकालच्या पोरी सगळं मोरीत ओततात, वगैरे. मी हूं हूं करत होतो.

"तुमच्या मायवाणी बाई न्हाई," त्या म्हणाल्या. "भाजीचं उकळलेलं पानीसुदा वाया घालीत न्हाईत. त्याच्यातच भाकरीचं पीठ मळत्यात म्हने, लेकाच्या. सगळं सत्व त्याच्यात असतंय."

मी पिशवी तिथेच ठेवून घरी आलो. माय चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढे, काठवट घेऊन बसली होती. बाजूला झाकलेला गंज, भाजी उकळायचं पातेलं. मी झाकण काढलं. हिरवट, गरम पाणी. मी ओरडलो. मी माझ्या आईवर आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो, त्या दिवशी शेजारी बाहेर येईपर्यंत ओरडलो.

"माय, तू मला मारायलीस," मी म्हणालो. हे शब्द मी वापरले. लिहिताना वाटलं होतं गाळावेत.

ती घाबरली नाही, आधी तिला समजेच ना. कागदात सांगितलं तसं भाजीतलं पाणी काढलंच होतं की तिनं, भाजी तर कोरडीच होती. मी ओरडतच सांगितलं की ते विष उकळल्यावर भाजीत राहत नाही, पाण्यात उतरतं, आणि ते तू मला दोन महिने भाकरीतून चारलंस. मग तिला समजलं. तिनं पिठाचा हात काठवटीच्या कडेला पुसला.

"दुष्काळी कामावर खडी फोडायला होते मी, बहात्तरच्या दुष्काळात," ती म्हणाली. "तू आठ महिन्याचा. अंगावरचं दूध आटलं होतं. विहिरीच्या कडचा तांदुळजा शिजवून त्याचं पानी पाजून जगवलं तुला. ते कसं फेकू, माझा हात झाला न्हाई."

एवढं बोलून ती उठली आणि अंगणात जाऊन बसली. सुनंदा शाळेतून आली तेव्हा काठवटीतलं पीठ वाळून गेलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्यापाशी बसली आणि भजी-बिजी, फोन, पिशवी, सगळ्याबद्दल चुकलं म्हणाली. माझ्यावरचा आळ गेला होता. मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

कारण माझ्या किडन्या मायनं बिघडवल्या नव्हत्या. त्या मी बिघडवल्या होत्या, मेडिकलच्या गोळ्यांनी आणि विसरलेल्या बीपीच्या गोळ्यांनी. मायला ते कधी सांगितलंच नव्हतं. उन्हात हिंडून, वेळेवर न जेवून झालं असं सगळे म्हणत होते आणि मी म्हणू देत होतो.

बरा रिपोर्ट

दुसऱ्या दिवसापासून माय स्वयंपाकघरात गेली नाही. रुसवा नव्हता तो. ताट दिलं तर जेवायची, विचारलं तर बोलायची, पण गॅसपाशी नाही. सुनंदा पाचला उठून सगळं करून शाळेची बस गाठायची. तिच्या भाकरीला कडेनं चिरा जात आणि भाजी कधी उकळायची राहून जाई. तिची ओढाताण बघून मी एकदा मायला म्हणालो, तू निदान भाकरी तरी टाक. ती म्हणाली, "नको रे बाबा. माझ्या हातावर माझाच विश्वास न्हाई ऱ्हायला."

ठरल्या तारखेला रक्त तपासलं. पोटॅशियम उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, शिरेचं ऑपरेशन आता नको, असंच चालू ठेवा. सुनंदानं दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच घरी फोन लावला. मी घरी आलो तेव्हा माय दारात होती. माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"मी बाजूला झाले तर लेक बरा झाला," ती म्हणाली.

ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. ज्या रिपोर्टनं मला जीवदान दिलं त्याच रिपोर्टनं तिच्यावरचा दोष पक्का केला होता. मी काहीतरी बोललो, असं नसतं माय, वगैरे. त्यात काही दम नव्हता. गोळ्यांचं सांगायचं तोंडावर आलं आणि पुन्हा गिळलं. शेतकऱ्यांना मी नेहमी सांगत आलो की हद्द दाखवायला लाजू नका. स्वतःची दाखवायची वेळ आली तेव्हा लाजलो.

नांदेडचं बाक

पुढच्या तपासणीला सुनंदाच्या शाळेत परीक्षा होत्या. मी एकटा जातो म्हणालो तर माय पिशवी घेऊन तयार होऊन बसली. बसच्या कंडक्टरनं तिला पुढचं सीट करून दिलं.

दवाखान्यात बाकावर आमच्या शेजारी पूर्णेची एक तरुण बाई बसली होती. नवरा आत भरती होता, रेल्वेत कामाला. तिच्या हातात तोच कागद होता. ती तो वाचत होती आणि घडी घालत होती, पुन्हा उघडत होती. मायनं विचारलं, काय लिहिलंय त्याच्यात. ती म्हणाली, आजी, काही कळत नाही, सगळंच बंद केलंय, भाजी उकळून काय करायचं म्हणतात.

माय तिच्याकडे वळून बसली. पंचेचाळीस दिवस जिनं गॅसला हात लावला नव्हता तिनं त्या बाईला दोडक्याची साल किती जाड काढायची ते बोटावर दाखवलं. चिरायचं केवढं, भिजवायचं किती वेळ, उकळी आल्यावर किती थांबायचं. कोवळा दोडका नखानं कसा ओळखायचा. ट्रकचा घेऊ नको, तुमच्या पूर्णेच्या बाजारात टोकाला बसणाऱ्या बायका असतील त्यांच्याकडं बघ, ज्यांच्याजवळ थोडी भाजी असंल त्यांच्याकडं. लसूण ठेचून घाल, चिरून नको, मीठ नसलं तरी जीभ फसती. आणि शेवटी ती थांबली.

"पानी फेकायचं," ती म्हणाली. "पिठात न्हाई, आमटीत न्हाई, कशात न्हाई. लय जिवावर येतंय. पर फेकायचं."

त्या बाईनं विचारलं, आजी, तुम्ही कुठं शिकलात एवढं?

"ह्याला बिमार करून," माय म्हणाली. तिचा आवाज साधा होता, गाव विचारल्यावर गाव सांगावं तसा.

माझ्याच्यानं राहवलं नाही. त्या परक्या बाईसमोरच मी म्हणालो, "माय, तू न्हाई केलंस. माझ्या किडन्या आधीच गेल्या होत्या. गुडघ्याच्या गोळ्या खात होतो मी, सात-आठ वर्षं. डॉक्टरला न विचारता."

तिनं माझ्याकडे बघितलं.

"ठाऊक हाय की. धुताना तुझ्या प्यान्टीतून त्या गोळ्यांची पाकिटं मीच काढायचे."

"मग त्या दिवशी मी एवढा बोललो, तवा कामून बोलली न्हाईस?"

"तू आजारी. तुला काय बोलू," ती म्हणाली, आणि आमचा नंबर आला का ते बघायला उठली.

पालमला उतरल्यावर ती घराकडे न वळता बाजाराच्या टोकाला गेली. मी लांब उभा राहिलो. रुक्मिणबाईंशी काय बोलली ते मला माहीत नाही. पिशवीत ढेमसे घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत मोरीपाशी होतो. माय गंज घेऊन आली, मला सरक म्हणाली. वाफा येत होत्या. तिनं तो हळूहळू तिरका केला, सगळं पाणी मोरीत जाऊ दिलं, आणि तळाशी काही उरलंय का ते बघून पुन्हा तिरका केला. सुनंदा ओट्यापाशी पीठ काढत होती.

"ते पीठ इकडं दे," माय तिला म्हणाली. "आन् उद्यापासून तू एवढ्या लौकर उठू नको."